ट्रिपल जंप शिकणाऱ्या पोरांना कोच लवकर पिटमध्ये (उडी संपते त्या वाळूच्या खड्ड्यात) का सोडत नाहीत, त्यामागचा इतिहास

बारा-तेरा वर्षांची पोरं ट्रिपल जंप शिकायला आली की आजचा चांगला कोच त्यांना बरेच दिवस फुल रनअप देतच नाही. गवतावर दोन्ही पायांनी आलटून पालटून लंगड्या, लांब ढांगा, सहा-सात पावलांच्या रनअपवरून बारक्या उड्या, एवढंच चालू असतं आणि पालकांना वाटतं हा नुसता टाइमपास करतोय. पण ही पद्धत काही पहिल्यापासून नव्हती, कित्येक वर्षं लहान मुलांसाठी वेगळं असं काही नव्हतंच, मोठ्यांचंच ट्रेनिंग थोडं कापून त्यांना दिलं जायचं.

मुळात इव्हेंटचाच साचा पक्का व्हायला वेळ लागला. 1896 ला अथेन्समध्ये जेम्स कॉनोली 13.71 मीटर मारून आधुनिक ऑलिम्पिकचा पहिला चॅम्पियन झाला, पण त्याने एकाच पायावर दोन हॉप (लंगड्या) घेऊन मग उडी मारली होती, तेव्हा ते चालायचं. आताचा नियम म्हणजे ज्या पायाने उसळलो हॉप त्याच पायावर, स्टेप (लांब ढांग) दुसऱ्या पायावर, मग वाळूत जंप. पुढे जपानने तर हा इव्हेंट काही वर्षं आपलाच करून टाकला, 1928 ला मिकिओ ओडा, 1932 ला चुहेई नांबू आणि 1936 ला नाओटो ताजिमा (बरोब्बर 16.00 मीटर, वर्ल्ड रेकॉर्ड), असे लागोपाठ तीन गोल्ड. आडेमार फरेरा दा सिल्वाने 1952 आणि 1956 ला ब्राझीलसाठी गोल्ड आणलं.

कोचिंगच्या दृष्टीने खरी गंमत सुरू होते 1960 च्या आसपास. पोलंडच्या योझेफ श्मिटने 17.03 मीटर मारून पहिल्यांदा 17 चा आकडा ओलांडला, आणि त्याची स्टाइल होती फ्लॅट, म्हणजे हॉप फार उंच न्यायचा नाही, स्पीड वाचवायचा. सोव्हिएत कोचेसचा भर उलट उंच दणदणीत हॉप आणि त्यासाठी लागणाऱ्या ताकदीवर. कोणतं बरोबर यावर खूप वाद झाले, शेवटी जेम्स हे (Hay) नावाच्या संशोधकासारख्या बायोमेकॅनिक्सवाल्यांनी (शरीराच्या हालचाली मोजून अभ्यासणाऱ्यांनी) मोजमापं करून हॉपवर भर, जंपवर भर आणि बॅलन्स्ड असे प्रकार पाडले, आणि सगळ्यांना लागू पडेल असा तिन्ही टप्प्यांचा एकच रेशो काही हाती लागला नाही. लहान मुलांचं नुकसान केलं ते या मोठ्या हॉपच्या आकर्षणानेच असं माझं मत आहे. पोरगं जीव खाऊन हॉप मारतं, वरून धाडकन खाली येतं, गुडघा वाकतो आणि स्टेप म्हणजे नुसतं पाय टेकवून पुढे पडणं होतं, जंपला काही उरतच नाही. म्हणून आता कोच हॉप मुद्दाम छोटा करायला लावतात आणि तिन्ही कॉन्टॅक्टचा (पाय जमिनीला टेकण्याचा) आवाज एका ठेक्यात येतोय का ते कान देऊन ऐकतात.

दुसरी भानगड डेप्थ जंपची, म्हणजे उंचावरून खाली उडी टाकून लगेच वर उसळण्याची. सोव्हिएत कोच युरी व्हेर्खोशान्स्कीने ट्रिपल जंपर्सचा अभ्यास करताना बघितलं की स्टेपला खेळाडूच्या पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो आणि तो क्षणभरात परत उसळायला लागतो. त्यातून बॉक्सवरून अशी उडी मारायची शॉक मेथड आली, 1970 च्या दशकात अमेरिकेत तेच प्लायोमेट्रिक्स म्हणून पोचलं. मूळ पद्धत होती तयार खेळाडूंसाठी, आधी ताकदीचा पाया आणि उड्या मोजक्याच. पण पसरताना ही अट वाटेतच गळाली आणि शाळकरी पोरं कडक जमिनीवर शेकड्याने उड्या मारू लागली. वाढीच्या वयात हाडं भराभर वाढतात, स्नायू-टेंडन मागे राहतात, मग टाच दुखते, गुडघ्याखाली ऑसगुड-श्लाटरचा (वाढत्या वयातल्या एका दुखण्याचा) गोळा येतो. आजचं गवत, मॅट आणि मोजून दिलेले कॉन्टॅक्ट हे सगळं तिथून आलंय.

मुलींची गोष्ट तर अजूनच उशिराची. महिलांची ट्रिपल जंप वर्ल्ड चॅम्पियनशिपला 1993 ला आली, ऑलिम्पिकला थेट 1996 ला, त्यामुळे त्याआधी मुलींना हा इव्हेंट मनापासून शिकवायला कोचकडे कारणच नव्हतं. इनेसा क्रावेट्सचं 1995 चं 15.50 मीटरचं वर्ल्ड रेकॉर्ड पुढे 26 वर्षं टिकलं, मग युलिमार रोहासने ते मोडलं आणि 2022 ला इनडोअर 15.74 पर्यंत नेलं.

त्याच 1995 च्या गोथेनबर्गमध्ये जोनाथन एडवर्ड्सने 18.29 मारली, जी आजही पुरुषांचं वर्ल्ड रेकॉर्ड आहे. त्याचे तीन टप्पे 6.05, 5.22 आणि 7.02. हॉप जंपपेक्षा जवळजवळ एक मीटर लहान! पाण्यावर चपटा दगड फेकावा तसा तो जायचा, आणि त्यानंतर स्पीड टिकवण्याची भाषा ज्युनिअर कोचिंगमध्येही आली.

बोर्डाचंही, म्हणजे जिथून पहिली उडी घेतात त्या फळीचंही तसंच. मोठ्या स्पर्धेत पुरुषांना पिटपासून किमान 13 मीटर आणि महिलांना 11 मीटरवर बोर्ड असतो. तेच अंतर लहान मुलांना दिलं की वाळू गाठायच्या भीतीने पोरं हॉप ताणतात आणि सगळा ठेका बिघडतो, म्हणून बोर्ड जवळ घ्यायची पद्धत आली, कुठे कुठे तर नुसता चुन्याचा पट्टा मारतात.

आणि सरावात दोन्ही पायांचा हट्ट का, तर एक पाय दोनदा उसळतो आणि शेवटची जंप दुसऱ्यावरून असते, त्यामुळे कच्चा पाय असा ठेवूनच चालत नाही. अमेरिकेच्या क्रिस्टियन टेलरने 2012 चं ऑलिम्पिक गोल्ड घेतल्यावर गुडघ्याच्या त्रासामुळे टेकऑफचा (पहिली उडी घ्यायचा) पायच बदलला, 2015 ला नव्या पायावरून 18.21 मारली आणि 2016 ला परत गोल्ड घेतलं.