जखमी माणूस केबिनच्या आत आला तेव्हा

कोरियाच्या युद्धात अमेरिकी सैन्याच्या चिमुकल्या बेल एच-13 हेलिकॉप्टरने हजारो जखमींना डोंगराळ आघाडीवरून शस्त्रक्रियेच्या तंबूंपर्यंत पोहोचवलं. पण स्ट्रेचर असायचं बाहेर, हेलिकॉप्टरच्या दोन्ही बाजूंना बांधलेलं! आत जागाच नव्हती. रक्तस्राव होत असलेला माणूस गारठ्यात एकटा पडलेला, आणि उड्डाण संपेपर्यंत त्याला कुणाचा हात लागणं शक्य नाही. ते फोटो पाहताना आजही जीव कासावीस होतो.

खरी अडचण होती इंजिनाची. सिलिंडर आणि दट्ट्यांची इंजिनं ताकदीच्या मानाने फार जड असत. हवेत एका जागी स्थिर राहायचं तर हेलिकॉप्टरचं सगळं वजन इंजिनाच्या जोरावरच पेलावं लागतं; तिथे एकेक किलो महाग. सिकोर्स्की एच-19 या मोठ्या हेलिकॉप्टरमध्ये माणसं आत मावत, पण त्याचं धूड इंजिन नाकात बसवलेलं आणि वैमानिक त्याच्या वर.

1955 मध्ये अमेरिकी सैन्याने नव्या हेलिकॉप्टरसाठी बेल कंपनीचाच आराखडा निवडला. त्यात होतं लायकॉमिंग कंपनीचं टी-53 टर्बाइन, म्हणजे तापलेल्या वायूच्या जोरावर चाकं फिरवणारं इंजिन. ते घडवणारे अन्सेल्म फ्रान्झ यांनीच दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचं युमो 004 हे जेट इंजिन तयार केलं होतं. टी-53 मध्ये दाबलेल्या हवेत इंधन जळतं. तापलेला वायू आधी एक चाक फिरवतो. ते पुढची हवा दाबत राहतं. उरलेल्या जोरावर दुसरं चाक फिरतं आणि गिअरमार्फत पंख्याला मिनिटाला तीनशेच्या आसपास फेऱ्या देतं. दोन्ही चाकं एकमेकांना जोडलेली नाहीत, ही यातली सर्वांत सुंदर गोष्ट. त्यामुळे इंजिन कमीजास्त जोर लावत असलं तरी पंख्याचा वेग जवळपास तोच ठेवता येतो.

सुमारे 700 अश्वशक्तीचं हे इंजिन इतकं आटोपशीर होतं, की ते थेट छतावर चढलं. खालची केबिन पूर्ण मोकळी झाली. ऑक्टोबर 1956 मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला एक्सएच-40 हा पहिला नमुना उडाला. पुढच्या नमुन्यांत केबिन आणखी 12 इंचांनी वाढवली, चार स्ट्रेचर मावावीत म्हणून.

सैन्यात त्याला एचयू-1 (HU-1) हा क्रमांक मिळाला. जवानांनी त्याचंच ‘ह्यूई’ केलं. 1962 मध्ये क्रमांक बदलून यूएच-1 झाला, तरी नाव टिकलं. त्याच वर्षी व्हिएतनाममध्ये ह्यूईची रुग्णवाहक तुकडी दाखल झाली. आता स्ट्रेचर आत होतं, आणि शेजारी गुडघे टेकून बसलेला शुश्रूषक उडत्या हेलिकॉप्टरमध्येच जखम दाबून धरू शकत होता.