पार्श्वभूमी : ऐक्य झाले, पण साक्ष मागे पडली

नागपुरातल्या ख्रिस्ती मंडळ्या (स्थानिक चर्च) स्वतःतच गुरफटल्या आहेत, कमिट्यांच्या निवडणुका आणि कंपाउंडच्या जागा यापलीकडे त्यांना काही सुचत नाही, ही तक्रार आता मंडळीतलेच लोक करतात. तिचा उगम शोधताना बहुतेक जण मिशनरी काळात जातात. 1845 मध्ये आलेले स्कॉटिश मिशन, शाळा, 1883 चे हिस्लॉप कॉलेज, पुढे दवाखाना, हे सगळे आपल्याला पाठ आहे. आजच्या सुस्तीचे मूळ मात्र 1956 ते 1970, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे आपले संयुक्त चर्च होईपर्यंतच्या काळात आहे, असे माझे मत आहे.

1956 मध्ये नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते. मिशनरी कामाची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचा अहवाल त्याच वर्षी आला. ज्यांचा मुख्य हेतू धर्मांतर आहे अशा परदेशी मिशनऱ्यांनी परत जावे आणि भारतीय ख्रिस्ती लोकांनी परकीय पैशावर न विसंबता आपले संयुक्त, स्वतंत्र चर्च उभारावे, अशा शिफारशी त्यात होत्या. अशा वातावरणात मंडळ्यांनी अंग चोरले तर नवल नाही. पण त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला, याच शहरात, बाबासाहेबांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली. सामाजिक अन्यायाविरुद्धच्या लढ्यात ख्रिस्ती समाज उतरत नाही, ही त्यांची टीका त्याआधीची. ती आपण मनावर घ्यायला हवी होती.

मग आला 29 नोव्हेंबर 1970, आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार. सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्चपरंपरा एक होऊन हे संयुक्त चर्च झाले. बोलणी 1929 पासूनची, म्हणजे 41 वर्षांची. बाप्तिस्मा बालकाला द्यायचा की विश्वास कबूल करणाऱ्या प्रौढाला? बिशप मानायचा की नाही? एका परंपरेच्या पाळकाला दुसरीने पाळक म्हणून कसे स्वीकारायचे? दोन्ही बाप्तिस्म्यांना जागा देऊन, बिशपपद ठेवून आणि पाळकांवर प्रार्थनापूर्वक हात ठेवण्याचा विधी करून मार्ग काढला गेला. ही तडजोड मोठ्या मनाची होती. मेथडिस्टांचा सर्वांत मोठा गट मात्र त्याच वर्षी, ऐन वेळी बाहेर राहिला आणि त्या दुखऱ्या जागेवरच पुढची चर्चा घुटमळत राहिली.

खरा घोळ मालमत्तेचा होता. उपासना एक झाली, पण जमिनी, बंगले, शाळा जुन्या वेगवेगळ्या न्यासांच्या नावावर. ठराव केला की न्यास आपोआप विलीन होतो, असे बऱ्याच जणांनी गृहीत धरले. सार्वजनिक न्यासांचा कायदा तसे मानत नाही. त्याचा मार्ग धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीतून जातो. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रेदरन या सहांपैकी एका परंपरेच्या गुजरातमधल्या मालमत्तेच्या खटल्यात हेच सांगितले: नुसत्या ठरावाने न्यास संपत नाही आणि त्याची मालमत्ता संयुक्त चर्चकडे जात नाही. निकाल तिकडचा असला तरी प्रश्न घरचा आहे. काही ज्येष्ठांच्या मते विलीनीकरणच चुकले. मला ते पटत नाही. एक होणे योग्यच होते. कागद अर्धवट सोडणे चुकले आणि त्या अर्धवट कागदांनी मंडळीची उमेद खाल्ली.

संयुक्त चर्चने तीन शब्द घेतले होते: ऐक्य, साक्ष (आपला विश्वास जगापुढे मांडणे), सेवा. वार्षिक सभेला बसून पाहा. उपासना आटोपते, चहा होतो, मग सभासद-यादी निघते. कोणाची वर्गणी थकली, कोणाचे नाव प्रभुभोजन घेणाऱ्यांत धरायचे, अमक्याला मत देता येते का, यातच दुपार होते. पाळकगृहाच्या दुरुस्तीवर तावातावाने बोलणारे आपण, सेवाकार्याचा अहवाल आला की 'वाचला असे समजावे' म्हणून पुढे जातो. विश्वस्त बदलले की धर्मादाय कचेरीत त्या बदलाची नोंद मागणारा चेंज रिपोर्ट, त्याला हरकत, हरकतीवर अपील. मंडळीचा पैसा वकिलाच्या फीत आणि पाळकांचा आठवडा तारखांत जातो. दरम्यान तरुण कुटुंबे भाड्याच्या हॉलमधल्या स्वतंत्र फेलोशिपकडे वळत आहेत. ती का गेली, हे त्यांच्या घरी जाऊन विचारण्याचा विषय अजून कोणत्याही सभेच्या कार्यपत्रिकेवर माझ्या पाहण्यात आलेला नाही.