प्लँचेटची वाटी कोण सरकवतं?

गणपतीला किंवा शिमग्याला कोकणातलं घर भरलं की रात्री प्लँचेट मांडायची टूम निघते. पाटावर अक्षरं लिहायची, पालथ्या वाटीवर सगळ्यांनी बोटं टेकवायची आणि आत्म्याला प्रश्न विचारायचे; वाटी अक्षराअक्षरावर जाऊन उत्तराचे शब्द जुळवते. सोबत समज ठरलेला: कुणी ढकलत नाही, आत्मा आला की वाटी आपोआप सरकते.

‘मी ढकलत नाही’ म्हणणारा बहुतेकदा खरंच बोलत असतो. हालचाल अपेक्षित असली की बोटांचे स्नायू नकळत किंचित हलतात. बोरिक पावडर टाकलेल्या पाटावर पालथ्या वाटीला तेवढं पुरतं. पावसाळ्यात पाट दमट असला की वाटी अडते आणि आत्मा रुसला असं ठरतं. पाट पुसून पावडर टाकली की रुसवा जातो.

तपासायचं तर वाटीच्या बुडावर पावडर लावून कागदाची पट्टी ठेवा. तिच्या कडेशी पेन्सिलीची खूण करा, बोटं फक्त पट्टीवर टेकवा. वाटी स्वतः निघाली तर पट्टी मागे राहील. बोटं ढकलत असतील तर पट्टीच आधी पुढे घसरेल. १८५३ साली इंग्लंडात, भोवती बसून हात टेकवले की आपोआप फिरतात असं मानल्या जाणाऱ्या टेबलांची परीक्षा याच तत्त्वावर झाली. पुढे गेले ते हातच.

याहून सोपं म्हणजे सगळ्यांचे डोळे बांधून पाट गुपचूप अर्धा फिरवा. शब्द जुळेनासे होतात.

मेणबत्ती फडफडते ती कौलांच्या फटींतल्या वाऱ्याने. कंदिलाच्या काचेत ठेवून बघा.