पियानोचे पाय लाजेपोटी झाकले जात होते का?

“एकोणिसाव्या शतकातील इंग्रज मध्यमवर्ग इतका सोवळा होता की दिवाणखान्यातील पियानोचे पायही लाजेपोटी कापडाने झाकत,” हा मजकूर वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. तो खरा वाटणे स्वाभाविक आहे, कारण त्या काळाच्या कडक शिष्टाचारांविषयी आपण बरेच ऐकलेले असते.

या गोष्टीचा माग १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या, एका इंग्रज नौदल अधिकाऱ्याच्या अमेरिकेतील प्रवासवर्णनापर्यंत जातो. तेथील मुलींच्या एका शाळेत पियानोच्या चारही पायांना झालरीच्या विजारी घातलेल्या पाहिल्याचे त्याने लिहिले. म्हणजे हा किस्सा मुळात इंग्रज घरांचा नव्हेच. तो अमेरिकी सोवळेपणाचा नमुना म्हणून इंग्रज वाचकांना सांगितला गेला होता.

पडताळणी अवघड नाही. तत्कालीन दिवाणखान्यांची छायाचित्रे आणि पियानोविक्रेत्यांची सचित्र सूचिपत्रके पाहावीत. कातलेले, नक्षीदार पाय त्यांत उघडे दिसतात. आच्छादने असत, पण लाकडाला धूळ आणि कोळशाची काजळी लागू नये म्हणून. मला सर्वांत बोलका वाटतो तो पुतळ्यांचा पुरावा: १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात ‘ग्रीक स्लेव्ह’ हा नग्न स्त्रीचा संगमरवरी पुतळा गाजला आणि संगमरवरासारख्या दिसणाऱ्या पारियन चिनी मातीतील त्याच्या छोट्या प्रतिकृती घरांत मांडण्यासाठी विकल्या जात होत्या.