कानाच्या मशीनचं दुकान काढताय? एमडी-४२ दुकानासाठी, आरसीआय नोंदणी माणसासाठी

अमेरिकेत प्रिस्क्रिप्शनवरची श्रवणयंत्रं विकणाऱ्या माणसाला त्या-त्या राज्याचा स्वतंत्र परवाना काढावा लागतो. आपल्याकडे असा एकच कागद नाही. महाराष्ट्रात दुकानाची नोंदणी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे होते आणि कान तपासून मशीन बसवणाऱ्याची नोंदणी दिल्लीच्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे. पहिलं प्रमाणपत्र, म्हणजे एमडी-४२, भिंतीवर लागलं की सगळं झालं असा समज सहज होतो. घोटाळा तिथेच होतो.

दुकानाचा कागद

१ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली. श्रवणयंत्रही त्यातच. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ मध्ये सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस दुरुस्ती झाली आणि विक्रेत्यांच्या नोंदणीची तरतूद आली. अर्ज एमडी-४१ या नमुन्यात करायचा, प्रमाणपत्र एमडी-४२ या नमुन्यात मिळतं. फी ३,००० रुपये. प्रमाणपत्राला मुदत नाही, पण दर पाच वर्षांनी तेवढीच फी भरून ते चालू ठेवावं लागतं. औषधविक्रीचा परवाना आधीच असलेल्या मेडिकलवाल्याला एमडी-४२ वेगळं काढावं लागत नाही.

अर्जासोबत मालकाची ओळख आणि मालकीचा प्रकार दाखवणारी कागदपत्रं द्यायची: एकट्याचा धंदा असेल तर आधार आणि पॅन, भागीदारी असेल तर भागीदारीपत्र, कंपनी असेल तर तिची नोंदणी. जागेचा पुरावा लागतो, म्हणजे स्वतःची असल्यास मालकीचा कागद, नाहीतर भाडेकरार. त्याच जागेत आणखी काय चालतं, उदाहरणार्थ चष्मे किंवा स्टेशनरी, तेही लिहायचं. माल नीट साठवू असं हमीपत्र जोडायचं. भाडेकरारावरचा पत्ता आणि अर्जातला पत्ता अक्षरशः जुळवून घ्या. 'गाळा क्र. ४' आणि 'दुकान क्र. ४' एवढ्या फरकावरूनही विचारणा होऊ शकते.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तांत्रिक व्यक्तीचा. विक्री जिच्या देखरेखीखाली होणार तिचं नाव द्यावं लागतं. ती पदवीधर हवी, किंवा नोंदणीकृत फार्मासिस्ट, किंवा बारावी उत्तीर्ण असून वैद्यकीय उपकरणांच्या विक्रीचा एक वर्षाचा अनुभव असलेली. पदवी कोणत्या शाखेची हवी, याची अट नाही. बी.कॉम. झालेला माणूसही चालतो. त्यामुळे एमडी-४२ वरून एवढंच कळतं की या जागेतून माल रीतसर विकला जातो. समोरच्या माणसाला ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, वाचता येतो की नाही, याच्याशी त्या कागदाचा संबंध नाही.

प्रमाणपत्र मिळाल्यावर ते दर्शनी भागात लावायचं. माल नोंदणी किंवा परवाना असलेल्याकडूनच घ्यायचा आणि खरेदी-विक्रीची नोंद बॅच क्रमांकासह ठेवायची. परदेशी मशीनच्या खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि आयात परवाना क्रमांक असतो. तो नसलेला स्वस्त माल कुणी देऊ केला तर घेऊ नका. तपासणीत उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

माणसाचा कागद

भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ मध्ये पुनर्वास व्यावसायिकांची यादी आहे. तिच्यात 'ऑडिओलॉजिस्ट व स्पीच थेरपिस्ट' (श्रवणतज्ज्ञ व वाचा-उपचारतज्ज्ञ) हा गट आहे आणि 'श्रवणयंत्र व इअर मोल्ड (कानाचा साचा) तंत्रज्ञ' हा वेगळा गटही आहे. परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नसताना हा व्यवसाय करणं गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपयांचा दंड आज कुणालाही हसण्यावारी नेता येईल, पण सोबतचं कैदेचं कलम विसरू नये.

पात्रतेचा सरळ रस्ता म्हणजे बारावी विज्ञाननंतर बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा या विषयांतली पदवी: तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था किंवा म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था ही नावं या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक असतात. मशीनची दुरुस्ती आणि कानाचे साचे करायचे असतील तर त्याची वेगळी पदविका आहे. कोर्स कुठलाही असो, प्रवेश घेण्यापूर्वी ती संस्था आणि तो अभ्यासक्रम आरसीआयमान्य आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर पाहा. मान्यता नसलेल्या कोर्सचं प्रमाणपत्र कितीही देखणं असलं तरी त्यावर नोंदणी होत नाही.

नोंदणीचा अर्ज ऑनलाइन होतो. जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, अभ्यासक्रमाच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा पदविका प्रमाणपत्र, इंटर्नशिप पूर्ण केल्याचा दाखला, ओळखपत्र आणि फोटो, ही कागदपत्रं स्कॅन करून ठेवा. नोंदणी पाच वर्षांची असते. नूतनीकरणासाठी दरम्यान परिषदेने मान्य केलेल्या कार्यशाळांचे गुण जमवावे लागतात, ते पाचव्या वर्षावर ढकलू नका.

तुम्ही स्वतः ऑडिओलॉजिस्ट नसाल तर दुकान काढता येतं, पण चाचणी आणि फिटिंगसाठी नोंदणीकृत माणूस ठेवा. नेमणूकपत्रात त्याचा नोंदणी क्रमांक लिहा आणि नोंदणीची मुदत कधी संपते तेही लिहून ठेवा.

बाकीचं थोडक्यात

वीसपेक्षा कमी कामगार असतील तर राज्याच्या २०१७ च्या दुकाने कायद्याखाली ऑनलाइन सूचना पुरते, गुमास्ता परवान्यासाठी हेलपाटे नाहीत. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. बॅटरी आणि इतर सुटा माल त्या सवलतीत धरू नका, त्यांचा हिशेब वेगळा ठेवा.

आणि तुम्ही दुकानदार नसून आईवडिलांसाठी मशीन घ्यायला निघाला असाल, तर दुकानात एमडी-४२ कुठे लावलंय ते पाहा, तपासणाऱ्याचा आरसीआय क्रमांक विचारा आणि तो परिषदेच्या संकेतस्थळावर शोधा. ऑडिओग्रामवर सही त्याच माणसाची आहे ना, हेही बघून घ्या.