हँग झालेल्या खिडकीमागे काय घडतं?

प्रोग्रॅमची खिडकी फिकट पडते, शीर्षकात ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दिसू लागतं आणि आपण वैतागून म्हणतो, कॉम्प्युटर स्लो झालाय. प्रत्यक्षात त्या क्षणी प्रोसेसरचे बहुतेक कोअर (एकाच वेळी वेगवेगळी कामं करणारे त्याचे भाग) रिकामे बसलेले असू शकतात. प्रत्येक क्लिक, दाबलेली प्रत्येक कळ, खिडकी पुन्हा रंगवण्याची सूचना, सगळं एका रांगेत येऊन थांबतं आणि एकच थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधला एका वेळी एकच काम करणारा कामाचा धागा, ही कामं एकेक करून उरकतो. सुमारे ५ सेकंद या रांगेकडे तो फिरकला नाही, की विंडोज प्रोग्रॅम अडकल्याचं जाहीर करतं.

माणसाचा धीर त्याच्या कितीतरी आधी सुटतो. कळ दाबल्यावर ०.१ सेकंदात प्रतिसाद हवा, असं रॉबर्ट मिलर यांनी १९६८ सालीच मांडलं होतं. सेकंदाला ६० वेळा ताज्या होणाऱ्या पडद्यावर तर एका चित्रासाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात.

मग अनेक थ्रेडना एकाच वेळी पडद्यावर काम का करू देऊ नये? जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या एडब्ल्यूटी या खिडक्या-बटणं बनवण्याच्या साधनसंचात तसा प्रयत्न झाला होता. घोटाळा होतो तो दिशेमुळे. क्लिकची खबर ऑपरेटिंग सिस्टीमकडून वर प्रोग्रॅमकडे येते. ‘हे बटण रंगव’ ही आज्ञा प्रोग्रॅमकडून खाली जाते. एका वेळी एकाच थ्रेडने माहितीला हात लावावा म्हणून तिला कुलूप लावतात. दोघी वाटेतली ही कुलपं उलट्या क्रमाने लावत जातात आणि दोन थ्रेड एकमेकांचं कुलूप उघडण्याची वाट पाहत कायमचे खोळंबतात. पुढे जावाच्याच स्विंग या संचाने एकाच थ्रेडचा नियम स्वीकारला. क्यूटी आणि डब्ल्यूपीएफ या अशाच इतर संचांमध्येही तोच चालतो.

जड काम मागच्या, म्हणजे पडद्याला हात न लावणाऱ्या वेगळ्या थ्रेडवर टाका आणि निकाल रांगेतून पाठवा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो अर्धाच वाटतो. मागच्या थ्रेडने सेकंदाला हजारो बदल सुटे सुटे रांगेत टाकले, तर रांग तुंबते, तुमचं क्लिक त्यांच्या मागे अडकतं आणि खिडकी पुन्हा गोठते. म्हणून बदल मागेच साठू द्यावेत आणि पडद्याला एवढाच निरोप धाडावा, ‘काहीतरी बदललंय’. तो उचलला जाईपर्यंत दुसरा पाठवायचाच नाही. पडद्याला सवड झाली की त्या क्षणाच्या माहितीची, पुढे न बदलणारी प्रत त्याच्या हाती द्यायची. मधल्या शेकडो अवस्था गाळल्या गेल्या तरी काही बिघडत नाही. डोळ्यांना त्या टिपताही आल्या नसत्या. यादीत लाख ओळी असल्या, तरी खिडकीत मावतात तेवढ्याच रंगवायच्या.

एवढं करूनही एक गोष्ट राहते, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. शोधपट्टीत तुम्ही एक शब्द टाइप केलात, लगेच तो बदललात. पहिल्या शोधाचं उत्तर उशिरा आलं आणि नव्या उत्तरावर चढून बसलं. प्रत्येक शोधाला क्रमांक दिला, तर जुन्या क्रमांकाचं उत्तर सरळ टाकून देता येतं. फाइलींच्या यादीत धोका याहून मोठा. तुम्ही चौथी ओळ निवडलीत, तेवढ्यात वर नवी फाइल आली आणि डिलीट दाबताच भलतीच फाइल गेली! निवड ओळीच्या क्रमांकाशी न बांधता त्या फाइलच्या स्वतःच्या ओळखीशी बांधली, तर ओळी कितीही सरकल्या तरी तीच फाइल निवडलेली राहते. शिवाय राइट-क्लिकचा मेनू उघडा असेल तोवर यादीचा क्रम हलवूच नये. नवी ओळ थोडी उशिरा दिसली तर चालेल.