रूर खोऱ्यातले न थांबणारे पंप

21 डिसेंबर 2018. जर्मनीतल्या बोट्रोप शहरात प्रॉस्पर-हानिएल खाणीतून दगडी कोळशाचा शेवटचा खडा वर आला आणि खाणकामगारांनी तो राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांच्या हाती दिला. रूर खोऱ्यातला कोळसा संपला, असे तेव्हा अनेकांना वाटले. तो संपलेला नाही, खाली अजून भरपूर आहे. परवडेनासे झाले ते त्याच्यापर्यंत पोचणे.

इथले कोळशाचे थर 30 कोटी वर्षांहून जुने आहेत. दक्षिणेला, रूर नदीच्या काठी, ते अगदी जमिनीलगत येतात आणि उत्तरेकडे खोल उतरत जातात. नदीकाठचे लोक टेकडीत आडवे बोगदे खणून कोळसा काढत. त्याहून खाली गेले की पाणी लागे. ते उपसायला वाफेचे इंजिन आले, तेव्हा कुठे खोल जाता आले. 1830च्या दशकात एसेनजवळ उद्योजक फ्रान्झ हानिएल यांनी वरचा मार्लचा, म्हणजे चिकणमाती मिसळलेल्या चुनखडीचा, जाड थर भेदला. त्याखाली जे सापडले त्यावर पुढची सव्वाशे वर्षे उभी राहिली: कोक बनवता येईल असा कोळसा.

हा कोळसा हवा कोंडून सुमारे 1000 अंश सेल्सिअसपर्यंत तापवला, तर जळत नाही. आधी मऊ पडतो, फुगतो, त्यातले वायू निघून जातात आणि मग तो घट्ट होतो. हाती येतो तो करडा, छिद्राछिद्रांचा, तरीही टणक कोक. झोतभट्टीत, म्हणजे खनिजापासून लोखंड बनवणाऱ्या भट्टीत, तो उष्णता देतो, खनिजातला ऑक्सिजन काढायला लागणारा वायू पुरवतो आणि वरचे सगळे ओझे पेलून खालच्या गरम झोताला वाट मोकळी ठेवतो. साध्या कोळशाचा तिथे भुगा होईल. पोलाद कारखानदार क्रुप यांचे एसेन आणि थिसेन यांचे डुइसबुर्ग मोठे झाले ते या गुणामुळे, असे मला वाटते.

1958 मध्ये उतार सुरू झाला. खनिज तेल आणि परदेशी कोळसा स्वस्त पडू लागला. इथले थर पातळ, घड्या पडलेले, शेवटी तर हजार मीटरहून खोल. 1970च्या दशकात पोलादाचीही मागणी घटली. डॉर्टमुंडचा फिनिक्स कारखाना 2001 मध्ये बंद पडला, सुटा करून चीनला नेला गेला. त्या जागी आज तलाव आहे.

पण खाणी बंद झाल्या तरी जमीन वर येत नाही. कोळसा काढून पोकळ झालेला भाग खचत गेला, काही ठिकाणी 20 मीटरहून जास्त. वस्त्या नदीच्या पातळीखाली गेल्या, पावसाचे पाणी आपले आपण वाहून जाईना. ते उचलून नदीत टाकावे लागते. शिवाय खाणीतले खारे पाणी पिण्याच्या भूजलापर्यंत चढू नये म्हणून तेही उपसावे लागते. जर्मन लोक याला ‘चिरंतन कामे’ म्हणतात. त्यांच्या खर्चासाठी 2007 मध्ये एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले. पंप बंद करण्याची तारीख त्याच्याकडे नाही.